रोडिओतील शिंगाळ गुरे

घोड्यावर बसून धावत्या गुराच्या शिंगांत किंवा पायांत दोराचा फास टाकून त्याला पकडण्याच्या खेळासाठी राखलेली शिंगे असलेली गुरे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व मेक्सिको या देशांत असे खेळ रोडिओ या नावाच्या मेळ्यांत होतात. या खेळांसाठी कॉरिएंटे व टेक्सस लाँगहॉर्न या दोन जाती आणि त्यांचे संकर प्रामुख्याने वापरले जातात. अंगाने हलकी, पायाने चपळ, काटक आणि घट्ट शिंगांची गुरे या कामास योग्य ठरतात. मांसोत्पादनाच्या दृष्टीने मात्र हेच गुण दोष समजले जातात. त्यामुळे विसाव्या शतकात जी गुरे व्यापारी पशुपालनातून हद्दपार होत होती, त्यांना या खेळाने नवे प्रयोजन दिले. या गुरांचा विचार करताना खेळातील उपयुक्तता, जातींचे जतन आणि जनावरांचे कल्याण या तिन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

इतिहास : अमेरिका खंडात कोलंबसपूर्व काळी पाळीव गुरे नव्हती. कोलंबसाच्या १४९३ मधील दुसऱ्या सफरीत स्पॅनिश गुरे प्रथम हिस्पॅनिओला बेटावर आणली गेली. तेथून १५२१ च्या सुमारास ती मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर आणि पुढे उत्तरेकडील कोरड्या प्रदेशात पसरली. मोकाट अवस्थेत वाढलेल्या या गुरांवर सु. तीन शतके नैसर्गिक निवडीचा प्रभाव राहिला. पाणी व चारा कमी असता तग धरणारी, हिंस्र पशूंपासून वासरांचे रक्षण करणारी आणि माणसाच्या मदतीवाचून विणारी गुरे तेवढी टिकून राहिली.

कुंपण नसलेल्या या प्रदेशात गुरे गोळा करणे, त्यांवर डाग देणे व आजारी जनावरांवर उपचार करणे ही कामे घोडेस्वार गुराखी दोराच्या साहाय्याने करीत. मेक्सिकोतील अशा गुराख्यास ‘वाकेरो’ म्हणत. या व्यवसायाची परिभाषाही स्पॅनिश भाषेतूनच इंग्रजीत आली आहे. ‘रोडिओ’ या शब्दाचा मूळ अर्थ गुरे चहूबाजूंनी घेरून एकत्र आणणे असा आहे. ‘लॅसो’ हा शब्द फास या अर्थाच्या ‘लासो’ या शब्दावरून, तर ‘लॅरिअट’ हा शब्द दोर या अर्थाच्या ‘ला रेआता’ या शब्दावरून आला. टेक्ससमधील गोऱ्या, कृष्णवर्णीय व मेक्सिकन गुराख्यांनी ही कला आत्मसात केली. कामातील कौशल्याच्या चढाओढींतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोडिओचा खेळ आकारास आला. स्वारांची पहिली संघटना १९३६ मध्ये स्थापन झाली. तिचे नाव १९४५ मध्ये व पुन्हा १९७५ मध्ये बदलण्यात आले आणि व्यावसायिक रोडिओ गुराखी संघटना हे तिचे रूप निश्चित झाले. मेक्सिकोतील ‘चारेरिया’ या समांतर परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१६ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

खेळाचे प्रकार : शिंगाळ गुरांचा सर्वांत मोठा वापर दोन स्वारांनी मिळून खेळावयाच्या जोडफास या प्रकारात होतो. यात खच्ची केलेला गोऱ्हा एका अरुंद खोड्यातून रिंगणात सोडतात. त्याला ठरावीक अंतराची आघाडी मिळाल्यावर दोन्ही बाजूंनी स्वार निघतात. पुढचा स्वार शिंगांत फास टाकून दोराचे वेढे खोगिराच्या पुढील मुठीभोवती देतो आणि घोडा डावीकडे वळवून गोऱ्ह्याला आडवे नेतो. त्या क्षणी मागचा स्वार गोऱ्ह्याच्या दोन्ही मागच्या पायांत फास टाकतो. दोन्ही दोर ताणले जाऊन स्वार समोरासमोर आले, की वेळ मोजणे थांबते. डोक्याकडील पकड तीनच प्रकारची चालते : दोन्ही शिंगांभोवती, एक शिंग व तोंड मिळून किंवा मानेभोवती. मागचा एकच पाय सापडल्यास पाच सेकंदांचा आणि आघाडीची दोरी स्वाराने वेळेआधी तोडल्यास दहा सेकंदांचा दंड होतो. कसलेल्या जोड्या हा सर्व प्रकार चार-पाच सेकंदांत पार पाडतात.

एकट्या स्वाराने गोऱ्ह्याला शिंगांनी पकडून व दोर त्याच्या कुल्ल्यावरून नेऊन जमिनीवर पाडण्याचा दुसरा प्रकार आहे. तो तुलनेने थोड्याच ठिकाणी चालतो. तिसऱ्या प्रकारात स्वार धावत्या घोड्यावरून गोऱ्ह्यावर झेप घेतो व शिंगे धरून, मान वळवून त्याला लोळवितो. बिल पिकेट (१८७०–१९३२) या कृष्णवर्णीय गुराख्यास या प्रकाराचा जनक मानतात. वासरू पकडून त्याचे तीन पाय बांधण्याचा चौथा प्रकार आहे. त्यात फास मानेत पडत असल्यामुळे शिंगांची आवश्यकता नसते. वेगवेगळ्या प्रकारांत जनावरावर पडणारा ताण वेगवेगळा असतो. म्हणून एका प्रकारास योग्य असलेले गुरू दुसऱ्यास योग्य असेलच असे नाही.

शिंगांची रचना : गुरांच्या शिंगाचा आतील भाग हाडाचा व बाहेरील आवरण केराटिन या प्रथिनाचे असते. जन्मतः शिंगाचा कोंब केवळ त्वचेत असतो. सु. दोन महिन्यांच्या वयात तो कवटीच्या ललाटास्थीशी जोडला जातो. पुढे वासरू सहा-आठ महिन्यांचे झाले, की कपाळातील पोकळी शिंगाच्या गाभ्यात शिरू लागते. त्यामुळे प्रौढ शिंग मुळाशी मोडल्यास केवळ रक्तस्राव होऊन थांबत नाही, तर कवटीतील पोकळी उघडी पडून जंतुसंसर्गाचा धोका निर्माण होतो. शिंग म्हणजे दोर अडकविण्यासाठी निसर्गाने दिलेली निर्जीव खुंटी नव्हे. ते रक्तपुरवठा असलेले जिवंत अंग आहे. फासाचा ओढा शिंगांच्या मुळावर व मानेच्या सांध्यांवर येतो. म्हणून शिंगाच्या लांबीपेक्षा त्याच्या बुंध्याची जाडी व कवटीशी असलेली घट्ट जोड अधिक महत्त्वाची ठरते.

शिंगे असणे वा नसणे हे मुख्यतः एका जनुकस्थानावर अवलंबून असते व त्यात भुंडेपणाचा गुण प्रभावी असतो. ॲबर्डीन अँगससारख्या भुंड्या जातीचा शुद्ध वळू शिंगाळ गाईस दाखविल्यास पहिल्याच पिढीत जवळजवळ सर्व वासरे भुंडी निपजतात. एका पिढीच्या संकराने शिंगे नाहीशी होत असल्यामुळे खेळासाठी गुरे पैदा करणाऱ्यास वळूची निवड काळजीपूर्वक करावी लागते. वाढीच्या वयात खच्ची केलेल्या नरांची शिंगे त्याच जातीच्या वळूंच्या शिंगांपेक्षा अधिक लांब वाढतात. लाँगहॉर्न जातीत हा फरक विशेष ठळकपणे दिसतो.

योग्यतेचे निकष : जोडफासासाठी गोऱ्हा निवडताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात. (१) वजन : ते साधारणपणे २०० ते ३०० किग्रॅ. असावे. जनावर याहून जड असल्यास घोड्याचे पाय, स्वाराचा हात आणि गुराची मान या तिन्हींना इजा होऊ शकते. मुठीभोवती वेढे देताना दोरात सापडून आंगठा तुटण्याचे अपघात स्वारांच्या बाबतीत परिचित आहेत. (२) शिंगे : दोन्ही बाजूंची शिंगे सारखी, बुंध्याशी जाड आणि बाहेर, पुढे व थोडी वर वळलेली असावीत. मागे किंवा खाली वळलेल्या शिंगांवरून फास निसटतो, तर फार रुंद शिंगे खोड्यात व वाहनात अडकतात. (३) चाल : गुरू सरळ व एकसारख्या वेगाने धावणारे असावे. डोके खाली घालणारे, एकाएकी थांबणारे किंवा बाजूस झुकणारे गुरू स्पर्धेत समान संधी देऊ शकत नाही. (४) दम व काटकपणा : प्रवास, उष्णता व वारंवार धावणे यांचा ताण त्याला सोसता आला पाहिजे. (५) स्वभाव : ते बुजरे असले तरी अंगावर धावून जाणारे नसावे. (६) मंद वाढ : जे गुरू वर्षभरात फार जड होत नाही ते अधिक काळ उपयोगी पडते. हा निकष मांसासाठी गुरे पाळणाऱ्याच्या अपेक्षेच्या नेमका उलट आहे.

जाती : कॉरिएंटे : स्पॅनिश गुरांपासून उत्तर मेक्सिकोत विकसित झालेली ही जात रोडिओत सर्वाधिक पसंत केली जाते. ‘कॉरिएंटे’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ सामान्य किंवा सर्वसाधारण असा आहे. मेक्सिकोत कोणत्याही गावठी गुरास अनुलक्षून तो वापरीत. मेक्सिकोतच ‘क्रिओलो’ हे नावही प्रचलित आहे. शरीर सडपातळ, पाय बारीक पण मजबूत, खूर कठीण आणि रंग काळा, तांबडा, तपकिरी, ठिपकेदार असा विविध असतो. प्रौढ गाय सु. ३५० ते ४०० किग्रॅ. वजनाची असते व वळूही सहसा ४५० किग्रॅ.च्या फार पुढे जात नाही. शिंगे बुंध्याशी जाड असून प्रथम बाजूला व नंतर पुढे आणि वर वळतात. लहान वयातच ती फास टाकण्याजोगी होतात, मात्र शरीराचे वजन सावकाश वाढते. या दोन गोष्टींचा मेळ हेच या जातीच्या श्रेष्ठत्वाचे मुख्य कारण होय. झाडपाला व काटेरी झुडपे खाऊनही ती तग धरते आणि गाई सहज वितात. संयुक्त संस्थानांत या जातीची नोंदणी ठेवण्यासाठी १९८२ मध्ये उत्तर अमेरिकन कॉरिएंटे संघटना स्थापन झाली.

टेक्सस लाँगहॉर्न : स्पॅनिश गुरे व पूर्वेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांची गुरे यांच्या मिश्रणातून टेक्ससमध्ये ही जात बनली. यादवी युद्धानंतर, १८६६ पासून सु. पाव शतकभर, या गुरांचे लक्षावधींचे तांडे उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत चालवीत नेण्यात आले. त्यांच्या अंगावरील गोचिड्यांमुळे वाटेतील इतर गुरे तापाने मरत. लाँगहॉर्न गुरांना मात्र त्या रोगाची बाधा फारशी होत नसे. थिओबल्ड स्मिथ व एफ्. एल्. किलबोर्न यांनी १८९३ मध्ये हा ताप गोचिड्यांमार्फत पसरतो असे सिद्ध केले. संधिपाद प्राण्यामार्फत रोगप्रसार होत असल्याचा हा आरंभीच्या पुराव्यांपैकी एक होय. काटेरी तारांची कुंपणे, रेल्वेचा विस्तार आणि हेरफर्डसारख्या मांसल जातींचा प्रसार यांमुळे १९२० च्या दशकापर्यंत शुद्ध लाँगहॉर्न गुरे नामशेष होण्याच्या मार्गावर होती. अमेरिकन काँग्रेसने १९२७ मध्ये ३,००० डॉलर मंजूर केल्यावर वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी शोध घेऊन थोडीशी गुरे ओक्लाहोमातील विचिटा पर्वत अभयारण्यात जमविली. पुढे १९४० च्या दशकात लेखक जे. फ्रँक डोबी, तेल व्यावसायिक सिड रिचर्डसन आणि पशुपालक ग्रेव्ह्ज पीलर यांच्या प्रयत्नांतून टेक्सस राज्याचा स्वतंत्र कळप उभा राहिला. पैदासकारांची संघटना १९६४ मध्ये स्थापन झाली.

या जातीची शिंगे बाजूला पसरतात व वयाबरोबर वाढतच राहतात. काही जनावरांत टोकापासून टोकापर्यंतचे अंतर ३ मी.पेक्षा अधिक भरले आहे. परंतु प्रदर्शनात मिरविण्याजोगी ही शिंगे रिंगणात अडचणीची ठरतात. खोड्यातून बाहेर पडताना ती आपटतात आणि एकाच फासात दोन्ही शिंगे घेण्यासाठी फास मोठा करावा लागतो. म्हणून या जातीची एक ते दोन वर्षे वयाची, शिंगे अजून आटोपशीर असलेली जनावरेच खेळासाठी घेतात. ती कॉरिएंटेपेक्षा उंच व लांब अंगाची असतात. त्यांचा स्वभाव सामान्यतः शांत असतो. मात्र वजन वाढू लागल्यावर त्यांचा उपयोग लवकर संपतो.

संकर : कॉरिएंटे व लाँगहॉर्न यांच्या संकरित गोऱ्ह्यांचा वापर बराच रूढ आहे. शिंगे लवकर वाढावीत, आकार मध्यम राहावा आणि खेळातून निवृत्त झाल्यावर मांसासाठी थोडी अधिक किंमत यावी असा त्यामागील हेतू असतो. तथापि पहिल्या पिढीतील वासरांच्या शिंगांची ठेवण एकसारखी नसते व त्यामुळे एकसारखा कळप जमविणे कठीण जाते.

फ्लॉरिडा क्रॅकर व पाइनीवुड्स : ही दोन्ही स्पॅनिश वंशाची गुरे अनुक्रमे फ्लॉरिडा आणि मिसिसिपी–ॲलाबामा परिसरातील दमट, उष्ण, पाइनच्या जंगलांच्या प्रदेशात टिकून राहिली. आकाराने लहान व उष्णता आणि परजीवी यांना तोंड देणारी असल्यामुळे ती या कामास अपात्र नाहीत. पण त्यांची संख्या अल्प व शिंगांचा आकार अनियमित असल्यामुळे त्यांचा वापर स्थानिक स्वरूपाचाच राहिला आहे. त्यांचे महत्त्व खेळापेक्षा आनुवंशिक ठेवा म्हणून अधिक आहे.

अंकोले-वाटुसी : पूर्व व मध्य आफ्रिकेतील अंकोले गुरांपासून अमेरिकेत तयार झालेल्या या जातीची नोंदणी १९८३ मध्ये सुरू झाली. तिची शिंगे अत्यंत जाड असून त्यांतून वाहणाऱ्या रक्तामुळे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास मदत होते. बुंध्याची जाडी हा गुण फास टाकण्यास अनुकूल असल्यामुळे कॉरिएंटे व लाँगहॉर्न गुरांशी तिचा संकर करून पाहण्यात आला आहे. परंतु शुद्ध वाटुसी गुरांची शिंगे जड व रक्तवाहिन्यांनी समृद्ध असल्याने त्यांना इजा झाल्यास धोका मोठा असतो आणि वाढलेल्या जनावरांचे वजनही मर्यादेबाहेर जाते.

ब्रह्मन व तिचे संकर : वशिंड असलेली ही अमेरिकन जात भारतीय गुरांपासून तयार झालेली आहे. तिच्या घडणीत गीर, कांक्रेज (अमेरिकेत ही गुझेरात या नावाने ओळखली जाते) व ओंगोल या जातींचा वाटा मोठा असून महाराष्ट्र व कर्नाटकातील कृष्णा खोऱ्याच्या जातीचाही थोडा अंश आहे. तिच्या पैदासकारांची संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. ब्रह्मन गुरे उष्णतेत न दमता वेगाने धावतात. त्यामुळे वासरे पकडण्याच्या प्रकारात तिची संकरित वासरे वापरतात. जोडफासात मात्र शिंगांची ठेवण आड येते. गीर गुरांची शिंगे कपाळावरून खाली व मागे वळतात आणि तिच्या वंशजांतही हा कल उतरू शकतो. अशा शिंगांवर फास बसत नाही.

मांसल जाती : हेरफर्ड व शॉर्टहॉर्न या मूळच्या शिंगाळ ब्रिटिश जातींची गुरे पूर्वी मिळेल त्याप्रमाणे रिंगणात वापरली जात. त्यांची शिंगे आखूड असून बहुधा खाली किंवा पुढे वाकलेली असतात आणि वर्षभरातच ही गुरे खेळाच्या दृष्टीने फार जड होतात. शिवाय त्यांच्या भुंड्या उपजाती पैदा करण्यात आल्यामुळे व वासरांचे कोंब लहानपणीच जाळण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे ती या कामातून जवळजवळ बाहेर पडली आहेत.

तुलना : वरील जातींची तुलना करता शिंगांची लांबी हा योग्यतेचा निर्णायक घटक नाही हे स्पष्ट होते. सर्वांत लांब शिंगांची लाँगहॉर्न व सर्वांत जाड शिंगांची वाटुसी या दोन्ही जाती कॉरिएंटेच्या मागे पडतात. शिंगांची वाढ व शरीराची वाढ यांतील प्रमाण हा खरा निकष आहे. कॉरिएंटे गोऱ्ह्याची शिंगे फास टाकण्याजोगी झाल्यावरही त्याचे वजन बराच काळ मर्यादेत राहते. लाँगहॉर्नमध्ये हा काळ त्याहून कमी असतो आणि हेरफर्डमध्ये तो जवळजवळ नसतोच. खाद्याचा खर्चही याच क्रमाने वाढत जातो. मांसाच्या बाजारभावाचा क्रम मात्र उलटा लागतो. कॉरिएंटेचे मांस कमी चरबीचे असले तरी जनावर लहान असल्याने त्याला व्यापाऱ्याकडून कमी दर मिळतो. त्यामुळे कॉरिएंटे गाई पाळणारे अनेक पशुपालक नर वासरे खेळासाठी देतात आणि काही गाईंना अँगस वळू दाखवून मांसासाठी भुंडी वासरे मिळवितात. अशा संकराचे प्रमाण वाढल्यास शुद्ध वंशाच्या गाईंपासून शुद्ध कालवडी मिळणे कमी होते. जातीच्या भवितव्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

निगा व वापर : गोऱ्हे साधारणपणे एक वर्षाचे झाल्यावर, शिंगे कानांच्या टोकांपर्यंत पोहोचली, की वापरास घेतात. गुरे पुरविणारे व्यावसायिक ती विकत किंवा भाड्याने देतात. प्रारंभी त्यांना रिकाम्या रिंगणातून खोड्यापासून बाहेरच्या फाटकापर्यंत चालविण्याची सवय लावतात. त्यामुळे सरळ धावल्यावर सुटका होते हे त्यांना कळते. शिंगांच्या बुंध्याभोवती व कानांवर जाड वेष्टन बांधणे व्यावसायिक स्पर्धांत आवश्यक मानले जाते. त्यामुळे दोराचे घर्षण कमी होते व कान दुमडून कापले जात नाहीत. शिंगांची अणकुचीदार टोके छाटतात. छाटणी हाडाच्या गाभ्यापर्यंत जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. वारंवार वापरलेले गुरू धावणे टाळू लागते, डोके वळविते किंवा खाली बसते. ही थकव्याची व कंटाळ्याची लक्षणे असल्याने अशा जनावरास विश्रांती द्यावी किंवा खेळातून काढावे लागते.

संयुक्त संस्थानांतील खेळासाठी लागणाऱ्या गुरांचा मोठा भाग दीर्घकाळ मेक्सिकोतून येत असे. सीमेवर गोचिड्यांची व क्षयरोगाची तपासणी करून ती आत घेतली जात. जखमेत अळ्या पाडणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा प्रादुर्भाव मेक्सिकोत आढळल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ही आयात थांबविण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये परत बंद करण्यात आली. शिंगांच्या बुंध्याशी झालेली लहानशी जखमही या माशीस पुरेशी असल्यामुळे फास टाकण्याच्या गुरांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. या घटनेमुळे देशांतर्गत पैदाशीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले.

जतन व आनुवंशिक महत्त्व : २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार लाँगहॉर्न, कॉरिएंटे व इतर क्रिओलो गुरांचा वंश बहुतांशी वशिंड नसलेल्या गुरांचा असून त्यात आशियातील वशिंडाच्या गुरांचाही काही अंश आहे. हा अंश आफ्रिका व स्पेनमार्गे पूर्वीच मिसळला असावा. सावकाश वाढ, सुलभ वेत, दीर्घायुष्य आणि निकृष्ट चाऱ्यावर जगण्याची क्षमता हे या गुरांचे गुण तापमानवाढीच्या व दुष्काळाच्या काळात मोलाचे ठरू शकतात. रोडिओने या गुरांना बाजारात स्थान मिळवून दिले, हे खरे. परंतु केवळ खेळासाठी केलेल्या निवडीस मर्यादा आहेत. खेळाला नर हवे असतात आणि ते खच्ची केलेले असतात. त्यामुळे रिंगणात नावाजलेले गुरू पुढील पिढीस काहीच देत नाही. जात टिकते ती रिंगणात कधीच न दिसणाऱ्या गाईंमुळे व वळूंमुळे. म्हणून नोंदणीपुस्तके, राज्य व संघ सरकारांचे राखीव कळप आणि दुर्मीळ जातींसाठी काम करणाऱ्या संस्था यांचे कार्य खेळाच्या मागणीइतकेच आवश्यक आहे.

प्राणिकल्याण व कायदे : फास टाकण्याच्या खेळांवर प्राणिमित्र संघटनांनी सातत्याने आक्षेप घेतले आहेत. धावत्या वासरास मानेतील दोराने एकदम थांबविणे आणि गोऱ्ह्यास दोराने पाडणे या दोन प्रकारांवर ही टीका विशेष तीव्र आहे. मान, पाठ व पाय यांना दुखापत होणे, भीती आणि सरावाच्या वेळी होणारी पुनरावृत्ती हे आक्षेपांचे प्रमुख मुद्दे होत. सराव प्रेक्षकांसमोर होत नाही व त्यावर पंचांचे लक्ष नसते, म्हणून शेवटचा मुद्दा विशेष गंभीर मानला जातो. समर्थकांच्या मते मोकळ्या कुरणावरील जनावरांवर उपचार करण्यासाठी हे कौशल्य आजही आवश्यक आहे आणि नियम, वेष्टने व पशुवैद्यांची उपस्थिती यांमुळे इजांचे प्रमाण कमी राहते. ब्रिटनमध्ये १९३४ च्या प्राणिसंरक्षण अधिनियमाने न शिकविलेल्या वळूंना व घोड्यांना फास टाकून पाडण्याच्या सार्वजनिक खेळांस बंदी केली. ऱ्होड आयलंड या अमेरिकन राज्याने १९८९ मध्ये वासरे पकडण्याच्या प्रकारावर निर्बंध घातले. गुराची मान ताणली जाण्यापूर्वीच सुटणारा दोर वापरण्याचा सौम्य प्रकारही रूढ झाला आहे. योग्य जातीची निवड हा कल्याणाचाच एक भाग ठरतो, कारण जड, ठिसूळ शिंगांचे वा बुजरे जनावर वापरल्यास इजेचा संभव वाढतो. मात्र योग्य जात निवडल्याने मूळ आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही.

भारतीय संदर्भ : भारतात घोड्यावरून फास टाकून गुरे पकडण्याचा खेळ रूढ नाही. येथील गुरे गोठ्यात व शेतीच्या कामात माणसाच्या सहवासात वाढतात आणि वेसण व कासरा यांनी ती आवरली जातात. तथापि खेळामुळे जात टिकते काय, हा प्रश्न महाराष्ट्रातही उपस्थित झाला आहे. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयामुळे बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींस अंतरिम परवानगी दिली. पुढे १८ मे २०२३ रोजी तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या घटनापीठाने वैध ठरविल्या. या वादात ट्रॅक्टरच्या प्रसारानंतर खिलार जातीस शर्यतीमुळेच मागणी उरली आहे, असा युक्तिवाद शर्यतींच्या समर्थकांनी केला. कॉरिएंटे व खिलार या दोन्ही जाती सडपातळ, चपळ, काटक व कमी दुधाच्या आहेत. यंत्रयुगात दोहोंचे मूळ काम संपत आले. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. शर्यतीत नावाजलेल्या खिलार वळूचा वंश पुढे चालविता येतो, तर रिंगणातील कॉरिएंटे गोऱ्ह्याचा वंश त्याच्यापाशीच थांबतो. याउलट जिच्या रक्ताचा अंश ब्रह्मनद्वारे अमेरिकेत पोहोचला त्या कृष्णा खोऱ्यातील जातीस खेळाचा असा आधार लाभला नाही व तिच्या मायदेशी तिची संख्या फार घटली आहे. एखादी जात केवळ एका उपयोगावर अवलंबून राहिल्यास त्या उपयोगाबरोबर तीही लोप पावण्याचा संभव असतो. लाँगहॉर्नप्रमाणे वेळीच कळप राखून ठेवल्यास ती पुन्हा वाढविता येते.